दोन खणांमधली जागा

खणांचे कपाट करताना घेतली जाणारी पुष्कळशी मापे लाकडाची नसतात. लाकूड जिथे असता कामा नये, त्या जागेची ती मापे असतात. ओट्याखाली बसणारे ७२० मिमी उंच आणि ६०० मिमी रुंद कपाट घेतले आणि त्यात एकाखाली एक तीन खण करायचे ठरवले, की सुतार आधी वजाबाकी करतो. दोन्ही बाजूंचे १८ मिमी जाडीचे प्लायवुड वजा जाता आत ५६४ मिमी उरतात. खण ज्यावर सरकतो ते टेलिस्कोपिक चॅनल प्रत्येक बाजूला साधारण अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी जागा खाते. दोन्ही बाजूंचे मिळून २६ मिमी सोडले तर खणाची पेटी ५३८ मिमी रुंद होते. २६ ऐवजी २४ धरले तर खण आत जाणार नाही; ३० धरले तर चॅनल ताणले जाऊन खण डुलेल. उंचीचा हिशेबही असाच आहे. दर्शनी फळ्यांच्या वर, खाली आणि मधे मिळून चार फटी येतात. प्रत्येक फट ३ मिमीची धरली तर १२ मिमी जातात आणि तीन फळ्यांना ७०८ मिमी उरतात. सारखे वाटप केले तर प्रत्येकी २३६. वरचा खण चमच्यांसाठी उथळ हवा असेल तर १४०, २८४ आणि २८४.

या हिशेबात फट आधी येते आणि फळी नंतर. फळीची उंची ही सगळ्या फटी दिल्यावर उरलेली शिल्लक असते. मराठी सुतारकामात या फटीला जुने, अचूक माप आहे: सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, ३ मिमीहून किंचित जास्त. ‘एक सूत मोकळे सोड’ असे मिस्त्री सांगतो तेव्हा तो काहीतरी ‘सोडायला’ सांगतो, आणि जे सोडायचे ते मोजूनही सोडायला सांगतो. जे नाही त्याला माप कसे, हा प्रश्न कामाच्या जागी कोणी विचारत नाही. भारतीय दर्शनांत मात्र तो शतकानुशतके विचारला गेला, आणि त्याला मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रश्न असा मांडता येतो. दोन दर्शनी फळ्यांच्या मधे जे ३ मिमी आहेत, ते कोणाचे? वरच्या फळीचे नाहीत, कारण तिची उंची १४० मिमीला संपली. खालच्या फळीचे नाहीत, कारण तिची उंची अजून सुरू झालेली नाही. मग ते आकाश नावाच्या एखाद्या स्वतंत्र द्रव्याचे आहेत, की दिशेचे, की कोणाचेच नसून नुसता लाकडाचा अभाव आहे? आणि तो अभाव असेल तर अभाव हीसुद्धा जगातल्या पदार्थांत मोजायची गोष्ट आहे का?

या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत ठाम होकार न्याय-वैशेषिकांनी दिला. कणादाच्या परंपरेत मुळात सहा पदार्थ गणले जात: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. प्रशस्तपादाची मांडणीही याच सहांभोवती फिरते. पुढे अभाव हा सातवा पदार्थ म्हणून रुजला, आणि शिवादित्याच्या ग्रंथाचे तर नावच ‘सप्तपदार्थी’ आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सात पदार्थ हीच सुरुवात असते, आठल्ये आणि बोडस यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालिकेत निघाली आणि पुढे अनेक पिढ्यांनी ती अभ्यासली.

नैयायिकांचा अभाव म्हणजे सरसकट पोकळी नव्हे. प्रत्येक अभावाला दोन टोके असतात: ज्याचा अभाव आहे तो प्रतियोगी, आणि जिथे अभाव आहे ते अधिकरण. नुसते ‘नाही’ असे ज्ञान कधीच होत नाही. ‘येथे अमुक नाही’ असेच होते. हे सुताराच्या अनुभवाशी चांगले जुळते. कपाटातल्या सगळ्या मोकळ्या जागा एकाच प्रकारच्या नसतात. दोन फळ्यांमधली फट ही लाकडाच्या स्पर्शाचा अभाव असते. खणाच्या मागे सोडलेली जागा ही मागच्या फळीला आपटण्याचा अभाव असते. खणाच्या पोटातली जागा ही, निदान कपाट नवे असेपर्यंत, सामानाचा अभाव असते. तिन्ही जागा रिकाम्या, पण प्रतियोगी वेगळे. म्हणून त्यांची मापे वेगळ्या कारणांनी ठरतात, आणि एकीचे माप दुसरीला लावून भागत नाही.

फटीतला अभाव कोणत्या जातीचा, हे ठरवताना मात्र अडचण येते. नैयायिक अभावाचे चार प्रकार मानतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीही नसणे हा अत्यंताभाव, आणि ‘हे ते नव्हे’ हा अन्योन्याभाव. वरची फळी खालची फळी नव्हे, एवढ्यापुरता अन्योन्याभाव उघड आहे. पण तो दोन फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या तरी राहतो, म्हणून फट त्याने समजत नाही. जमिनीवरून घट उचलून नेला आणि परत आणून ठेवला, तर मधल्या काळातले ‘घट नसणे’ हे या चारांत कुठे घालायचे, यावर खुद्द नैयायिकांत वाद झाला. काहींनी सामयिकाभाव असा वेगळा प्रकार मानला. इतरांनी तो अत्यंताभावच असल्याचे सांगून फक्त त्याचा जमिनीशी संबंध तात्पुरता ठरवला. बंद केल्यावर दिसणारी आणि खण उघडल्यावर नाहीशी होणारी फट याच वादात सापडते.

एका बाबतीत तरी प्रकार निःसंदिग्ध आहे. एकाच अखंड फळीतून तिन्ही खणांची तोंडे कापली, तर लाकडाचे रेषे वरच्या खणावरून खालच्या खणावर सलग वाहताना दिसतात. चांगल्या कामाची ती खूण समजली जाते. मशीनवरच्या करवतीचे पाते कापताना सुमारे ३ मिमी लाकूड खाते. म्हणजे दोन तोंडांमधल्या फटीत पूर्वी खरोखरच लाकूड होते आणि त्याचा भुसा झाला. अशी फट त्या लाकडाचा प्रध्वंसाभाव आहे, असे म्हणायला कोणत्याही नैयायिकाची हरकत नसावी. दोन वेगळ्या फळ्यांमधली फट आणि ही फट मोजपट्टीला सारखीच दिसते, शास्त्राला मात्र नाही. पहिलीत नुसते पृथक्त्व आहे. दुसरीत आधी संयोग होता, मग विभाग झाला.

खरी पंचाईत मापाची आहे. वैशेषिक मतात परिमाण हा गुण आहे. अणु, महत्, दीर्घ, ह्रस्व हे त्याचे भेद. गुण द्रव्यातच राहतो. अभाव हे द्रव्य नाही, म्हणून अभावात गुण राहू शकत नाही. मग अभावाला लांबी नाही, रुंदी नाही, आणि ‘३ मिमीचा अभाव’ ही शब्दरचनाच चुकीची ठरते. आकाशाकडे वळूनही सुटका होत नाही. वैशेषिकांचे आकाश म्हणजे मोकळी जागा नव्हे. ते शब्द या गुणाचा आश्रय असलेले एक, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य आहे. खण बंद होतानाच्या ‘खट्’ आवाजासाठी ते लागते, फटीसाठी लागत नाही. शिवाय त्याचे परिमाण परममहत् आहे. त्याचा ३ मिमीचा तुकडा पडत नाही.

सुटकेची वाट परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांबपणा आणि जवळपणा, या दोन गुणांतून जाते. विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त दैशिक परत्वाचे ज्ञान कसे होते ते सांगितले आहे. एक वस्तू दुसरीपेक्षा लांब आहे असे कळते, कारण तिच्यापर्यंत पोचताना मधे मूर्त द्रव्यांचे अधिक संयोग येतात. मधे किती मूर्त वस्तू एकमेकींना टेकवून मांडता येतात, यावर अंतर उभे राहते. मूर्त द्रव्यांत पृथ्वी, जल, तेज आणि मन यांबरोबर वायूही येतो, त्यामुळे नुसत्या हवेने भरलेल्या फटीतही मूर्ताचा संयोग आहेच. अंतर म्हणजे पोकळीचा गुण नव्हे. पोकळीत बसणाऱ्यांची ती मोजदाद आहे.

कामाच्या जागी फट अशीच धरली जाते. दर्शनी फळ्या बसवताना सुतार दर वेळी मोजपट्टी लावत बसत नाही. तो ३ मिमी जाडीच्या लॅमिनेटच्या किंवा प्लायच्या दोन चकत्या खालच्या फळीच्या कडेवर ठेवतो, वरची फळी त्यांवर टेकवतो, स्क्रू मारतो आणि चकत्या काढून घेतो. चकती असेपर्यंत संयोग, काढल्यावर माप. शुल्बसूत्रांतले एक लहान मापही याच रीतीने दिलेले आहे. बौधायन अंगुलाची व्याख्या करताना चौतीस तीळ कडेला कड लावून मांडायला सांगतो. तिळांचे एकमेकांना टेकणे हेच तिथे माप आहे. विश्वनाथाच्या आधी दोन हजार वर्षांच्या आसपास यज्ञवेदी मोजणाऱ्यांनी जे हाताने केले, तेच मुक्तावलीने व्याख्येत बसवले, असे म्हणणे फारसे धाडसाचे नाही.

या मोजदादीत एक धोका मात्र आहे, आणि तो तत्त्वज्ञानाला जेवढा लागू तेवढाच कपाटाला. प्रत्येक फळी मागच्या फळीवरून मोजली तर चूक साचत जाते. प्रत्येक फटीत अर्धा मिमी जास्त गेला की तिसऱ्या खणापर्यंत दीड मिमी होतो आणि वरची फळी ओट्याच्या दगडाला लागते. म्हणून जाणता मिस्त्री एका लांब पट्टीवर सगळ्या खुणा एकाच टोकापासून करून घेतो आणि तीच पट्टी कपाटाच्या दोन्ही बाजूंना धरतो. शेजाऱ्यावरून शेजारी मोजणे वेगळे आणि एका स्थिर मूळ बिंदूवरून सगळे मोजणे वेगळे. वैशेषिकांनी दिक् हे नित्य, एक आणि विभु असे वेगळे द्रव्य मानले ते दुसऱ्या रीतीच्या बाजूने झुकते: परत्व-अपरत्व वस्तूंच्या साखळीतून कळत असले तरी त्यांना आधार म्हणून एक सर्वसाधारण काहीतरी हवे. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीला सोळाव्या शतकात हा आधार अनावश्यक वाटला. दिक्, काल आणि आकाश ही ईश्वराहून वेगळी द्रव्ये नाहीत, असे त्याने ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त मांडले. युरोपात १७१५-१६ मध्ये लायब्निट्स आणि न्यूटनच्या बाजूने लिहिणारा क्लार्क यांच्यात झालेला पत्रव्यवहार साधारण याच फाट्यावर उभा आहे. लायब्निट्सला अवकाश म्हणजे एकाच वेळी असणाऱ्या वस्तूंचा परस्परक्रम, तर क्लार्कला तो वस्तूंच्या आधीपासून असलेला. दोन्ही वादांत ईश्वर मधे येतो, हा योगायोग नाही. वस्तूंच्या पलीकडचा मूळ बिंदू कोणी धरायचा, हा मुळात ईश्वराचाच प्रश्न आहे.

मीमांसकांत प्रभाकराचा संप्रदाय या साऱ्याकडे संशयाने पाहतो. त्याच्या मते अभाव नावाचा वेगळा पदार्थ नाही. जमिनीवर घट नाही म्हणजे केवळ जमीन आहे. नुसत्या अधिकरणाचे ज्ञान होते, त्यालाच लोक अभावाचे ज्ञान म्हणतात. कपाटाच्या भाषेत, फट असे काही नसते. दोन कडा असतात आणि त्यांच्या आड कपाटाची चौकट असते. १९७० साली डेव्हिड आणि स्टेफनी लुइस यांनी भोकांविषयी एक संवादरूप लेख लिहिला. त्यातील जडवादी पात्र भोक म्हणजे भोकाचे अस्तर, असे सांगून पोकळीची अडचण टाळते. प्रभाकराच्या अनुयायांशी त्या पात्राचे सहज जमले असते.

या मताची काटकसर मोहक आहे, पण नियोजनापुढे ते लंगडे पडते. कागदावर ३ मिमीची फट आखली जाते तेव्हा कडा नसतात, चौकट नसते, अधिकरणच नसते. तरीही ती फट ‘कमी पडते’, ‘जास्त होते’, आणि तिच्यापायी फळीची उंची बदलावी लागते. जे अधिकरणाच्या आधीच काम करते, त्याला अधिकरणाचेच दुसरे नाव म्हणणे कठीण आहे. यावर प्रभाकराच्या अनुयायांचे उत्तर असे येऊ शकते की कागदावर फट नसतेच, फक्त पुढे होणाऱ्या फळीच्या कडेची कल्पना असते. पण मग ७०८ चा आकडा फळ्यांच्या कल्पनेतून आला असता; तो आला आहे फटींच्या वजाबाकीतून.

कुमारिल भट्टाच्या परंपरेने वेगळ्या दिशेने विचार केला. अभाव आहे, प्रश्न तो कशाने कळतो हा. इंद्रियांचा अभावाशी संनिकर्ष होत नाही, म्हणून अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानावे लागते. धर्मराजाध्वरींद्राच्या ‘वेदान्तपरिभाषे’तही सहा प्रमाणांत ती आहे. मात्र कोणतीही अनुपलब्धी चालत नाही. ती योग्य हवी. वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. खण लावून झाल्यावर मिस्त्री तो चार वेळा ओढतो आणि ढकलतो, कान देऊन ऐकतो, मग कडेवरून बोट फिरवतो. घासत असते तर आवाज आला असता, हाताला लागले असते. लागले नाही, म्हणजे घासत नाही. भाट्टांची योग्यानुपलब्धी याहून नीट कुठे दाखवता येईल असे वाटत नाही.

जैनांना ही सगळी कसरत करावी लागली नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात आकाश हे द्रव्य आहे आणि इतर द्रव्यांना सामावून घेणे, जागा देणे हे त्याचे कार्य आहे. शिवाय ते प्रदेशांचे बनलेले आहे. एक अविभाज्य परमाणू व्यापतो तेवढी जागा म्हणजे एक प्रदेश. लोकाकाशाचे प्रदेश असंख्यात आहेत. म्हणजे फटीला स्वतःचे माप आहे, आणि ते तिच्यात काही बसवून पाहण्याआधीपासून आहे. सुताराच्या वहीतील ३ मिमीला सर्वांत सरळ अर्थ जैन दर्शनच देते. त्याबरोबर गतीला साहाय्य करणारे धर्म आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्म अशी आणखी दोन द्रव्येही घ्यावी लागतात. पाणी जसे माशाला चालवत नाही पण चालू देते, तसे धर्मद्रव्य वस्तूला हलू देते. खण सरकायला नुसती जागा पुरत नाही, हे ज्याने चॅनलशिवाय लाकडावर लाकूड सरकणारे जुने खण ओढले आहेत त्याला पटायला वेळ लागणार नाही.

बौद्धांत मते दुभंगतात. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त वैभाषिकांची मांडणी येते. तिच्यात आकाश हा असंस्कृत धर्म आहे, अडथळा न करणे हे त्याचे लक्षण. पण आकाशधातू म्हणून आणखी एक आहे. दार, खिडकी, नाक, तोंड यांतील छिद्र म्हणजे आकाशधातू, आणि ते मुळात प्रकाश किंवा अंधार यांच्याच रूपात असते, म्हणून दिसते. हा भेद इतरत्र सहसा कोणी करत नाही, आणि कपाटापुढे उभे राहिले की त्याची किंमत कळते. बंद खणांच्या मधे डोळ्याला जे दिसते ते ३ मिमी मोकळे आकाश नसते. ती एक काळी रेघ असते. पांढऱ्या फळ्यांवर ती रेघ ठळक दिसते आणि गडद फळ्यांवर जवळजवळ नाहीशी होते. एखादी फट अर्ध्या मिमीने बिघडली तर पांढऱ्या कपाटात ती दुरून ओळखू येते. जे मोजले जाते ते अडथळ्याचे नसणे; जे दिसते तो अंधार.

सौत्रांतिकांनी हा पसारा आटोपता घेतला. स्पर्श होईल असे काही नसणे, एवढ्यालाच आकाश म्हणतात. अंधारात हात पुढे केला आणि काही लागले नाही की माणसे म्हणतात, मोकळे आहे. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या पाचव्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. आकाशाच्या लक्षणाआधी आकाश नाही, लक्षण नसलेले काही कुठेही नाही, आणि भावच सिद्ध होत नसेल तर अभाव कशाचा म्हणायचा? आकाश भाव नाही आणि अभावही नाही. येथवर आल्यावर मोजपट्टी खाली ठेवावी लागते. नागार्जुनाला व्यवहारातले माप नाकारायचे नाही. माप ज्याचे आहे ते स्वतःच्या बळावर उभे आहे, एवढेच त्याला नाकारायचे आहे. फळ्यांशिवाय फट नाही हे सहज पटते. फटीशिवाय फळ्याही नाहीत, त्या एकच अखंड फळी आहेत, हे पटायला थोडा वेळ लागतो.

खण ओढून बाहेर काढला की आणखी एक जुना प्रश्न समोर येतो. खणाच्या आतली जागा खणाबरोबर बाहेर आली, की कपाटातच राहिली? अमृतबिंदू उपनिषदाने घटाबाबत याचे उत्तर दिले आहे: घट नेला जातो, त्यातले आकाश नेले जात नाही. गौडपादाने मांडूक्यावरील कारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात याच घटाकाशावर जीव आणि आत्मा यांचा संबंध उभा केला, आणि ज्ञानेश्वरीमुळे हा दृष्टांत मराठी कानाला घरचा झाला. घटाने आकाशाला आकार दिल्यासारखे दिसते, पण घट ही केवळ उपाधी आहे; ती फुटली म्हणून आकाशात काही मिळत नाही की त्यातून काही वजा होत नाही. ॲरिस्टॉटलनेही ‘फिजिक्स’च्या चौथ्या भागात भांडे आणि जागा यांत फरक केला. भांडे ही हलवता येणारी जागा, तर जागा म्हणजे न हलणारे भांडे. पोकळी त्याला मान्यच नव्हती, म्हणून त्याची जागा ही वेढणाऱ्या वस्तूची आतली सीमा ठरते. अद्वैत्यांना उलट पोकळी हवी होती, कारण त्यांना सीमा खोटी ठरवायची होती.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातले दहराकाश या विचाराचे टोक आहे. हृदयाच्या लहानशा घरात लहानसे आकाश आहे, आणि बाहेरचे आकाश जेवढे मोठे तेवढेच ते मोठे आहे. ब्रह्मसूत्रांत या दहराकाशाचा अर्थ काय, भूताकाश की जीव की ब्रह्म, यावर स्वतंत्र अधिकरण आहे, आणि शंकराचार्य ब्रह्म हा पक्ष घेतात. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात लहान पेटीत मोठी जागा बसवण्याचा हा बहुधा सर्वांत धीट प्रयत्न असावा. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शून्यवादाला हरकत घेतली तीही इथे येऊन मिळते: सगळे नाहीसे झाले असे म्हणायला तरी कोणीतरी उरावा लागतो. रिकामा खण रिकामा आहे हे खणाला कळत नाही.

मोकळी जागा मोजण्याचा धर्माशी सर्वांत जुना आणि सर्वांत ठोस संबंध मात्र उपनिषदांत नसून अग्निचयनात आहे. श्येनचिती या पक्ष्याच्या आकाराच्या वेदीचे पाच थर असतात, प्रत्येकात दोनशे, अशा एक हजार विटा. एका थरातले सांधे वरच्या थरातल्या सांध्यांवर येता कामा नयेत. तसा भेद शुल्बकारांनी वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे विटेइतकाच दोन विटांमधल्या सांध्याचाही विचार झालेला आहे, आणि तो चुकला तर चितीच चुकते. पण विटा मातीच्या. साच्यातून काढलेली ओली वीट उन्हात वाळते, भट्टीत भाजते आणि आक्रसते. मानव शुल्बसूत्र हे आक्रसणे तिसावा भाग धरते. हजार विटा तिसाव्या भागाने आखूड पडल्या तर पक्ष्याचा आकार ठरलेल्या क्षेत्रफळाला पोचणार नाही, आणि क्षेत्रफळ तर विधीने ठरलेले. एक उपाय साचा मोठा करण्याचा. दुसरा उपाय बौधायनाने दिला: वाळण्या-भाजण्यात जे कमी झाले ते पुरीषाने, म्हणजे थरांवर पसरायच्या मोकळ्या मातीने, भरून काढावे, कारण पुरीषाला नेमलेले माप नाही.

सुताराला असे पुरीष मिळत नाही, आणि त्याची अडचण उलटी आहे. माती आक्रसते तर लाकूड फुगते. अस्सल लाकडाची फळी रेषांच्या दिशेने जवळजवळ तेवढीच राहते, पण आडवी फुगते; आडव्या रेषांच्या खणाच्या तोंडात ही वाढ नेमकी उंचीत पडते आणि वरच्या फटीत शिरते. प्लायवुडमध्ये थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ती फार कमी होते. कोकणातल्या जुन्या कपाटांचे खण जुलै-ऑगस्टमध्ये गच्च बसतात आणि दिवाळीनंतर पुन्हा सुटतात. कडेला मेणबत्ती किंवा साबण घासून तेवढे दिवस काढले जातात. म्हणून मे महिन्यात, लाकूड कोरडे असताना, अस्सल लाकडाचा खण बसवणारा मिस्त्री एका सुताऐवजी दीड सूत मोकळे सोडतो. ही जादा अर्ध्या सुताची फट उन्हाळ्यात डोळ्याला खुपते आणि गिऱ्हाईक तक्रार करते. नैयायिकांच्या भाषेत त्या जागेत फुगलेल्या लाकडाचा प्रागभाव आहे. तो अनादी आहे पण सांत आहे, आणि पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात तो संपतो.